२०२ दिव्यांची वंशावळ

लॉस एंजेलिसच्या विल्शायर बुलेव्हार्डवर, तिथल्या काउंटी कलासंग्रहालयाच्या दारात, रस्त्यावरचे २०२ जुने दिवे ओळींनी दाटीवाटीनं उभे आहेत. खांब बिडाचे, उंची वीस ते तीस फूट, सगळ्यांना एकच करडा रंग. दिवस मावळला की दिवे लागतात आणि खाली माणसं जमू लागतात. नवपरिणीत जोडपी येतात, शाळेच्या सहली येतात, सिनेमावाले येतात. मुलंबाळं कॅलिफोर्नियात असलेल्या मराठी घरांतही या खांबांमध्ये उभ्या असलेल्या आजी-आजोबांचे फोटो आता सापडतात. ‘अर्बन लाइट’ हे या मांडणशिल्पाचं नाव. २००८ च्या फेब्रुवारीत ते पहिल्यांदा उजळलं. ते घडवणारा ख्रिस बर्डन म्हणजे १९७१ मध्ये मित्राकरवी स्वतःच्या दंडात गोळी झाडून घेणारा कलाकार.

ही दोन टोकं जोडताना एक सोपी कथा सांगितली जाते. तरुणपणी माथेफिरू होता, वय झालं तसा निवळला, संग्रहालयांना आवडेल असं काम करू लागला. मला ही कथा पटत नाही. या दिव्यांचा माग काढत मागं गेलं, तर वाट संग्रहालयातून बाहेर पडते आणि १९७२ सालच्या अंधाऱ्या रस्त्यावर जाऊन पोचते. ती वाट नीट पाहायला हवी.

आधी खांबांचं स्वतःचं घराणं. लॉस एंजेलिसमध्ये विजेचे दिवे आले ते १८८२ मध्ये, दीडशे फूट उंचीच्या मनोऱ्यांवर बसवलेल्या आर्क दिव्यांच्या रूपात. चांदणं पडावं तसा सगळ्या वस्तीवर वरून उजेड टाकायचा, ही तेव्हाची कल्पना. पुढं उजेड खाली उतरला, माणसाच्या चालण्याच्या मापाचा झाला. १९२० ते १९३० या दहा वर्षांत शहराची लोकसंख्या पावणेसहा लाखांवरून बारा लाखांच्या वर गेली. शेतं आणि माळरानं विकून नव्या वसाहती पडत होत्या. प्रत्येक वसाहतीला, प्रत्येक लहान नगरपालिकेला आपला वेगळा खांब हवा होता. प्लॉट घ्यायला आलेल्या माणसाला घरं दिसायच्या आधी दिवे दिसायचे. म्हणून ओतकाम करणाऱ्यांनी त्यात जीव ओतला. ग्रीक देवळाच्या खांबासारख्या उभ्या पन्हळी, बुडाशी पानं-फुलं, वर दुधी काचेचे गोल. मुख्य बाजाररस्त्यावरचा ‘ब्रॉडवे रोज’ हा त्यांतला सर्वांत भारदस्त. पायी चालणाऱ्यासाठी घडवलेली ही कारागिरी होती, पण शहर मोटारींचं झालं. उंच, साधे, लांब हात पसरलेले खांब आले आणि जुने उपटले गेले. काही वितळवले, काही कंत्राटदारांच्या आवारात पडले, काही शौकिनांनी उचलून नेले.

डिसेंबर २००० मध्ये पॅसाडेनातल्या रोझ बोल मैदानावरच्या जुन्या बाजारात बर्डनला यातले दोन खांब दिसले आणि त्यानं ते घेतले. त्यांचं काय करायचं हे तेव्हा ठरलेलं नव्हतं. मग त्याला नादच लागला. पुढची सात वर्षं तो खांब गोळा करत राहिला. टोपांगाच्या डोंगरातल्या त्याच्या कार्यशाळेत खांब यायचे ते गंजलेले, रंगाचे थर चढलेले, कुठं तुकडा उडालेले. वाळूचा मारा करून जुने रंग उतरवायचे, मोडलेले भाग जुळवायचे, तारा नव्यानं ओढायच्या आणि शेवटी तो करडा रंग. सतरा वेगवेगळ्या तऱ्हांचे खांब त्या एका रंगानं एका कुळात आले. जवळ जाऊन पाहिलं की तऱ्हांतले फरक दिसतात. एकाच्या पन्हळी खोल, दुसऱ्याच्या उथळ. कुणाला एक गोल, कुणाला दोन. रंगाचा तो निर्णय मला फार मोलाचा वाटतो. मूळ रंग ठेवले असते, तर ते जुन्या वस्तूंचं प्रदर्शन झालं असतं.

हा माणूस लोखंडापर्यंत आला कसा, याचं उत्तर मात्र जुन्या बाजारात मिळत नाही.

बर्डन १९४६ मध्ये बॉस्टनला जन्मला. वडील इंजिनिअर, आई जीवशास्त्रज्ञ. बालपणाचा काही काळ युरोपात गेला. तिथंच, एल्बा बेटावर, लहान वयात स्कूटरच्या अपघातात त्याचा पाय जायबंदी झाला आणि भूल न देता शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच्या पुढच्या कामाचा सगळा उगम या एका प्रसंगात शोधण्याचा मोह अनेकांना होतो. मला तितकी खात्री वाटत नाही. त्याच्या शिक्षणाकडं अधिक लक्ष द्यावं असं वाटतं. पोमोना कॉलेजात तो आधी वास्तुकलेच्या ओढीनं गेला, मग शिल्पाकडं वळला. म्हणजे हात मुळात बांधकामाचे.

१९७१ च्या एप्रिलमध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन शाखेत पदव्युत्तर पदवीसाठी त्यानं स्वतःला एका लॉकरमध्ये पाच दिवस कोंडून घेतलं. लॉकर दोन फूट रुंद, दोन फूट उंच, तीन फूट खोल. वरच्या लॉकरमध्ये पाच गॅलन पाणी, खालच्यात तेवढीच रिकामी बाटली. ही रचना बघा. वरून पाणी येतं, मधे माणूस, खाली निचरा. शरीर हा त्या यंत्रातला एक भाग आहे. देहदंडाच्या बातमीमागं दडलेला हा इंजिनिअरचा मुलगा कुणी फारसा पाहिला नाही. लॉकरपाशी लोक येऊन बसत, दाराच्या फटींतून त्याच्याशी बोलत.

त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला सांता आनाच्या एफ स्पेस या कलादालनात, मोजक्या मित्रांसमोर, ‘शूट’ झालं. सुमारे पंधरा फुटांवरून .२२ रायफलची गोळी डाव्या दंडाला घासून जावी असं ठरलं होतं. ती दंडातून आरपार गेली. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं, गोळी लागून पडणारी माणसं अमेरिकी घरांत रोज संध्याकाळी टीव्हीवर दिसत होती, आणि बर्डन पंचवीस वर्षांचा होता. या एका गोळीनं त्याला नाव दिलं आणि जन्मभराचा शिक्काही दिला. पण दिव्यांच्या वंशावळीत ‘शूट’ला मी जवळचा पूर्वज मानत नाही. जवळचे पूर्वज पुढच्या वर्षी, रस्त्यावर जन्मले.

१९७२ च्या ऑक्टोबरमध्ये लगूना कॅन्यन रोडवर त्यानं सोळा-सोळा फुटी तुळयांचे दोन ‘एक्स’ उभे केले. रस्त्याच्या दोन्ही बाजू अडतील असे. तुळया आधी कित्येक दिवस पेट्रोलमध्ये भिजवून ठेवल्या होत्या. त्यानं त्या पेटवल्या आणि तो निघून गेला. ‘दोस एकिस’ हे त्याचं नाव. रात्र, रस्ता, उभे खांब, उजेड. ‘अर्बन लाइट’चे चारही घटक इथं हजर आहेत. फरक एवढाच की हा उजेड वाटसरूला अडवतो, घाबरवतो.

महिनाभरानं, १२ नोव्हेंबरला, लॉस एंजेलिसच्या ला सिएनेगा बुलेव्हार्डवर ‘डेडमॅन’. एका उभ्या मोटारीच्या मागच्या चाकापाशी बर्डन रस्त्यावर आडवा झाला आणि त्याच्यावर ताडपत्री पसरण्यात आली. येणाऱ्या गाड्यांना इशारा म्हणून जवळ दोन फ्लेअर ठेवले. अपघाताच्या जागी लावतात ते, पंधरा मिनिटं जळणारे. ते विझले की अंधारात ताडपत्रीखालचा माणूस कुणालाही दिसणार नव्हता. विझण्याच्या जरा आधी पोलिसांची गाडी आली. खोट्या आणीबाणीचा देखावा केल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली, खटला चालला, तीन दिवस खल करूनही ज्यूरीचं एकमत होईना, तेव्हा न्यायाधीशांनी खटला काढून टाकला.

त्या दोन फ्लेअरपाशी मी पुन्हा पुन्हा येतो. बर्डनच्या त्या काळातल्या कामांवर पुष्कळ लिहिलं गेलंय, बहुतेक सगळं रक्तावर आणि जखमेवर. पण ‘डेडमॅन’मध्ये रक्त नाही. तिथं प्रश्न साधा आणि नागरी आहे. रात्री रस्त्यावर पडलेल्या माणसाला वाचवतं कोण? पंधरा मिनिटं उजेड वाचवतो. त्यानंतर शहरानं पुढं यायचं असतं. २०२ दिव्यांची जागा ला सिएनेगापासून मोटारीनं काही मिनिटांवर आहे. छत्तीस वर्षांनी त्याच शहरात, रात्रीच्या रस्त्यावर, त्यानं न विझणारा उजेड उभा केला. या दोन कामांना एका रेषेवर ठेवल्याखेरीज ‘अर्बन लाइट’ समजत नाही, असं माझं मत आहे. रस्त्यावरचे दिवे ही सुसंस्कृत समाजाची खूण, अंधारातही निर्भयपणे हिंडता येईल अशा शहराची खूण, अशा अर्थाचं त्यानं स्वतः बोलून दाखवलं होतं. ज्यानं शहराची ती बाजू डांबरावर पाठ टेकून तपासली होती, त्याच्या तोंडी हे वाक्य आहे.

रस्त्यावरची मालिका पुढंही चालली. १९७३ मध्ये मेन स्ट्रीटवर, हात पाठीमागं धरून, काचांच्या तुकड्यांवरून तो सरपटत गेला. १९७४ च्या एप्रिलमध्ये व्हेनिस भागात एका गॅरेजात फोक्सवॅगन बीटलच्या छताला त्याचे तळहात खिळ्यांनी ठोकले गेले, गाडी बाहेर ढकलली, दोन मिनिटं इंजिन पूर्ण जोरात फिरवलं आणि गाडी आत घेतली. या कामाचा पडसाद डेव्हिड बोवीच्या गाण्यापर्यंत गेला. मोटारींच्या शहरातला हा क्रूस. तो मला हलवतो, पण त्याचा बोलबाला त्याच्या वजनापेक्षा अधिक झाला असंही वाटतं.

खरं वळण १९७५ च्या एप्रिलमधलं, शिकागोच्या समकालीन कलासंग्रहालयातलं. ‘डूम्ड’. बर्डननं भिंतीवर घड्याळ लावलं, ते रात्री बारावर आणलं आणि भिंतीला तिरक्या टेकवलेल्या मोठ्या काचेखाली जाऊन तो आडवा झाला. बस्स. प्रेक्षक आले, थांबले, काही ओरडले, काही निघून गेले. रात्र झाली. तो उठला नाही, जेवला नाही, बोलला नाही. दुसरा दिवस गेला. त्याच्या मनातला नियम कुणालाच ठाऊक नव्हता. तो स्वतः, काच आणि घड्याळ या तिन्हींपैकी कशालाही संग्रहालयाच्या कुणी माणसानं हात लावला, हस्तक्षेप केला, की काम संपणार होतं. संग्रहालयाची माणसं कलाकृतीला धक्का लागू नये म्हणून हात राखून होती. कलेचा आदर आणि माणसाची काळजी यांची अशी समोरासमोर गाठ मी दुसऱ्या कुठल्या कामात पाहिलेली नाही. अखेर एका कर्मचाऱ्यानं काचेखाली त्याच्याजवळ पाण्याचा जग नेऊन ठेवला. बर्डन उठला, हातोडा घेऊन आला आणि त्यानं घड्याळ फोडलं. पंचेचाळीस तास दहा मिनिटं झाली होती.

‘डेडमॅन’मध्ये सोडवायला पोलीस आले होते. इथं पाण्याचा जग आला. यानंतर बर्डन देहावरचं काम हळूहळू आवरतं घेऊ लागला, यात नवल नाही. आपण किती सोसू शकतो हे त्याला कळून चुकलं होतं. बाकीचे काय करतात, हा प्रश्न उरला होता, आणि त्यासाठी स्वतः मध्यभागी असण्याची गरज नव्हती.

त्याच वर्षी त्यानं ‘बी-कार’ नावाची एकट्यापुरती हलकी मोटार स्वतः बांधली. ताशी शंभर मैल वेग आणि गॅलनला शंभर मैल, असं उद्दिष्ट ठेवून. १९७९ मध्ये ‘द बिग व्हील’ आलं. आठ फूट व्यासाचं, तीन टन वजनाचं बिडाचं फ्लायव्हील उभं केलेलं, त्याला टेकून १९६८ सालची बेनेली मोटारसायकल. मोटारसायकलवर बसून कुणीतरी गती वाढवतं, मागचं चाक त्या अजस्र चाकाला फिरवतं. मग मोटारसायकल बंद होते आणि चाक कितीतरी वेळ एकटंच घरघरत राहतं. खोलीत उभं असताना छातीत भीती भरते, आणि ज्यानं हे केलं तो तिथं नसतो. ‘शूट’मधला धोका आता यंत्रात जाऊन बसला होता. दिव्यांच्या वंशावळीत बीड इथून शिरलं.

१९८४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या आर्टपार्कमध्ये क्रेननं उंच उचललेले पोलादी गर्डर त्यानं ओल्या काँक्रीटच्या खड्ड्यात एकेक करून सोडले. जसे पडले, रुतले, तसे राहू दिले. ‘बीम ड्रॉप’ हे ते काम. पुढं ब्राझीलच्या इन्योचिंममध्ये ते ७१ गर्डर घेऊन पुन्हा झालं. तेही २००८ मध्येच. एकीकडं वाकडेतिकडे रुतलेले गर्डर, दुसरीकडं ओळंब्यात उभे केलेले दिवे. एकाच वर्षी एकाच माणसानं दोन्ही केलं.

‘सॅमसन’ (१९८५) या कामापाशी मात्र थांबायला हवं. सिएटलच्या हेन्री आर्ट गॅलरीत त्यानं दोन जाडजूड तुळया संग्रहालयाच्या समोरासमोरच्या भिंतींना भिडवल्या. मधे शंभर टनी जॅक. जॅकला गिअर, गिअरला दारातलं फिरतं फाटक. आत येणारा प्रत्येक माणूस फाटक ढकलून येतो आणि त्या ढकलण्यानं जॅक केसाएवढा उघडतो. पुरेशी माणसं आली तर भिंती कोसळतील. पाहायला येणं हीच कृती, आणि त्या कृतीचा भार इमारतीवर. ‘डूम्ड’मधला प्रेक्षक हात बांधून उभा होता. ‘सॅमसन’मध्ये त्याला निष्पाप राहण्याची सोयच उरली नाही. सार्वजनिक कलेबद्दल इतकं स्पष्ट विधान लोखंड-लाकडात क्वचित झालं असेल. मोठमोठ्या मांडणशिल्पांकडं बर्डन वळला तो आकाराच्या हौसेनं नव्हे. गर्दीला कामाचा भाग करायचं तर काम गर्दीला पुरेल एवढं असावं लागतं.

या वंशावळीत एक कटू पान आहे आणि ते गाळणं बरोबर नाही. १९७२ मध्ये एका टीव्ही मुलाखतीत त्यानं मुलाखत घेणाऱ्या बाईंच्या गळ्याला चाकू लावून कार्यक्रम ताब्यात घेतला होता. त्यांना आधी सांगितलेलं नव्हतं. १९७३ च्या जानेवारीत विमानतळाजवळ त्यानं उडत्या बोइंग ७४७ च्या दिशेनं पिस्तूल झाडलं. गोळी पोचणार नव्हती, पण म्हणून ते क्षम्य ठरत नाही. पुढं तो लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक झाला. २००४ मध्ये तिथल्या एका विद्यार्थ्यानं वर्गात पिस्तुलासारखी वस्तू स्वतःवर रोखून प्रयोग केला. त्याच्यावर तातडीनं कारवाई झाली नाही म्हणून बर्डन आणि त्याची शिल्पकार पत्नी नॅन्सी रुबिन्स दोघांनी नोकरी सोडली. ‘शूट’ करणाऱ्यानं हे म्हणावं का, असं तेव्हा पुष्कळांनी विचारलं. माझ्या मते त्याचा निर्णय योग्य होता. ‘शूट’ला आलेल्यांना काय होणार हे ठाऊक होतं आणि इजा ज्याची त्याचीच होती. वर्गातल्या मुलांना कुणी विचारलं नव्हतं. पण त्या टीव्हीवरच्या बाईंनाही कुणी विचारलं नव्हतं, आणि ते कर्ज त्याच्या नावावर कायमचं राहतं. ज्या वर्षांत तो विद्यापीठ सोडत होता, त्याच वर्षांत टोपांगात खांबांवर वाळू मारली जात होती, हे मला निव्वळ योगायोगासारखं वाटत नाही.

२००६ मध्ये जमवलेल्या खांबांपैकी चौदा दुहेरी दिवे लंडनच्या साउथ लंडन गॅलरीत मांडले गेले. त्याच वर्षी मायकल गोव्हन लॉस एंजेलिसच्या काउंटी संग्रहालयाचे संचालक झाले. टोपांगात लागलेले दिवे त्यांनी पाहिले आणि संग्रहालयाच्या दारासाठी ते मागितले. एका देणगीदाराच्या मदतीनं खरेदी झाली. २०२ दिवे आत न जाता बाहेर, फुटपाथला लागून, तिकिटाच्या अलीकडं उभे राहिले. ही जागा निर्णायक आहे. आत असते तर ते शिल्प राहिले असते, बाहेर ते रस्त्याचे दिवे आहेत.

त्यानंतरची बर्डनची कामं थोडक्यात सांगतो. २००८ मध्येच न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरसमोर मेकॅनोसारख्या सुमारे दहा लाख पोलादी पट्ट्या-स्क्रूंचा ६५ फुटी मनोरा उभा राहिला. नाव होतं ‘माझ्या वडिलांनी मला काय दिलं’ अशा अर्थाचं. पुढं ‘मेट्रोपोलिस २’ पुरं झालं. अकराशे खेळण्यातल्या मोटारी अठरा रस्त्यांवरून जिथं धावत राहतात असं शहर. ते करायला चार वर्षं लागली. १० मे २०१५ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी, टोपांगातल्या घरी कर्करोगानं बर्डन गेला. २०१८ मध्ये ‘अर्बन लाइट’चे सगळे जुने बल्ब काढून एलईडी बसवण्यात आले. २०२० मध्ये नव्या इमारतीसाठी संग्रहालयाच्या जुन्या इमारती पाडल्या गेल्या. खांब जागचे हलले नाहीत.

‘अर्बन लाइट’ फोटोसाठी फार सोपं झालंय, म्हणून ते उथळ आहे, अशी टीका कलाक्षेत्रात ऐकू येते. मला ती मान्य नाही. माझ्या लेखी हे बर्डनचं सर्वोत्तम काम आहे, ‘शूट’पेक्षाही. गोळी पाहणाऱ्यांची संख्या एका खोलीत मावत होती, आणि त्यांच्यापुढं पाहत राहण्याखेरीज काही नव्हतं. इथं अनोळखी माणसं रात्री एकमेकांच्या शेजारी निर्धास्त उभी राहतात. लॉस एंजेलिससारख्या, मोटारीच्या काचांआड जगणाऱ्या शहरात ही फार मोठी गोष्ट आहे.

तिकडं जाणं झालं तर दिवे लागायच्या आधी अर्धा तास पोचा. तिकीट लागत नाही. फोटो मागाहून काढा. आधी खांबांमधून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला, पन्हळींवरून हात फिरवा, आणि मग वळून विल्शायरवरच्या वाहत्या रस्त्याकडं पाहा. बर्डनचं काम तिथून सुरू झालं होतं.